कारणाचा रकाना

सरकारी नोकरीत छत्तीस वर्षे काढली की काही सवयी माणसाच्या अंगी मुरतात आणि निवृत्तीनंतरही सुटत नाहीत. कोणताही रकाना कोरा सोडावयाचा नाही, ही त्यांपैकीच एक. महसूल खात्यात असताना बीदर आणि गुलबर्गा (२०१४ पासून कलबुर्गी) जिल्ह्यांतील निरनिराळ्या तालुक्यांच्या मृत्यूनोंदी आमच्या नजरेखालून जात. खेड्यात डॉक्टरने पाहिलेले मरण अपवादानेच. बाकीच्यांच्या कारणाच्या रकान्यात ग्रामलेखापाल आपल्या वळणदार कन्नडमध्ये ‘ज्वर’ लिही, नाही तर ‘वयोसहज’ लिही. वयोसहज म्हणजे वयाला साजेसे. या एका शब्दाखाली किती हृदये, किती मूत्रपिंडे आणि किती क्षय झाकले गेले असतील, याचा हिशेब कोणी करीत नसे. रकाना भरला होता आणि आमची सही होत होती.

मार्च २०२० मध्ये या रकान्याने आम्हांस प्रथमच दचकविले. १० मार्च रोजी कलबुर्गीचे एक शहात्तर वर्षांचे गृहस्थ निवर्तले आणि १२ मार्चला जाहीर झाले की देशातील कोविडचा हा पहिला मृत्यू होय. साऱ्या देशाने ज्याचे नाव तूरडाळीखेरीज क्वचितच घेतले असेल, ते आमचे शहर एका रात्रीत सर्वतोमुखी झाले. निवृत्तीला जेमतेम चौदा महिने उरलेले आम्ही त्या वेळी तेथेच कामावर होतो. पुढचे काही महिने शाळांच्या वर्गांतून बाके हलवून खाटा मांडणे, मे महिन्यात मुंबई-पुण्याहून परतणाऱ्या मजुरांची नोंद घेणे आणि उमरगा-अक्कलकोटच्या बाजूच्या नाक्यांवर रात्री काढणे, यात गेले. मृत्यूचे कारण ठरविण्याचे नियमही त्या काळात अनेकदा बदलले. पुढे २०२१ मध्ये ठरले की चाचणीत लागण निघाल्यापासून तीस दिवसांच्या आत मृत्यू आला तर तो कोविडचा धरावा. कारभार चालविण्यास अशी एक रेषा लागतेच. परंतु एकतिसाव्या दिवशी गेलेल्याचे कारण निराळे होते, असे त्या रेषेने सिद्ध होत नाही, हे रेषा आखणाऱ्यांनाही ठाऊक असते.

ही प्रस्तावना अशासाठी की पुढे हाच रकाना आमच्या घरात आला आणि तो भरून द्यावा असा आग्रह आमच्याच पुतण्याने धरला.

आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, भालकी तालुक्यातील मराठी शाळेत शिक्षक होते. त्यांचे अक्षर साऱ्या पंचक्रोशीत प्रसिद्ध. लग्नपत्रिकेचा मसुदा असो की ग्रामपंचायतीचा फलक, लोक अण्णांकडे येत. त्यांचा मुलगा पुण्याला कारखान्यात नोकरीस होता. जुलै २०२० मध्ये कारखान्याचे काम थांबल्यावर तो गावी आला. आल्यावर दोन दिवस त्याला कणकण होती. आठवड्याभरात अण्णा तापाने फणफणले. चाचणीत लागण निघाली आणि सरकारी रुग्णालयात बारा दिवस प्राणवायूवर काढून ते परतले. आम्ही देवाचे आभार मानले आणि प्रकरण संपले असे समजलो.

ते संपले नव्हते. २०२१ च्या उन्हाळ्यात अण्णांना सदऱ्याची गुंडी लावावयास वेळ लागू लागला. उजवा अंगठा आणि तर्जनी जपमाळ ओढल्यासारखी आपोआप हलू लागली. चालताना उजवा हात झुलेनासा झाला. पुढच्या वर्षी सोलापूरच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी पाहताक्षणी सांगितले की हा कंपवात आहे. औषध लिहून दिले, ते लागूही पडले. परंतु त्या दिवसापासून आमचा पुतण्या बापासमोर नीट बसेना. गावी आला तर मुखपट्टी बांधून ओसरीवरच जेवी. मग येणेही कमी झाले. एका दसऱ्याला सोने द्यावयास आमच्याकडे आला, तेव्हा दार लोटून त्याने विचारले, ‘‘काका, तुम्ही सायन्सचे. खरं सांगा. अण्णांचा हात माझ्यामुळंच गेला ना?’’

आम्ही सायन्सचे म्हणजे १९८२ चे रसायनशास्त्राचे बी.एस्सी. एवढ्या भांडवलावर उत्तर देणे शक्य नव्हते, आणि ‘‘छे छे, तुझा काय संबंध’’ म्हणून वाटेला लावणे आम्हांस जमले नाही. फायलीवर ‘माहिती मागवून सादर करतो’ असा शेरा मारतात, तसे काहीसे बोलून वेळ मारून नेली. माहिती मात्र खरोखरच मागविली. वाचनालयातून पुस्तके आणली, ओळखीच्या एका संशोधक मुलीकडून निबंध समजावून घेतले. त्यातून जे हाती लागले ते येथे आमच्या भाषेत मांडतो.

शरीराचे जवळजवळ सारे काम प्रथिने करतात. प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांचे मणी एका क्रमाने ओवलेली लांब साखळी. परंतु साखळी नुसती लोंबकळत राहिली तर ती निरुपयोगी असते. तिची ठरावीक घडी पडावी लागते. आमचे वडील रोज सकाळी सात-आठ हात रुमाल डोक्याला बांधीत. कापड तेच, पण बांधणी बिघडली की ते डोक्यावर टिकत नसे. प्रथिनाचेही तसेच आहे. गुण जितका धाग्याचा, तितकाच घडीचा. अमेरिकेतील ख्रिश्चन अन्फिन्सन यांनी दाखविले की एका प्रथिनाची घडी पूर्ण उलगडली आणि मग त्याला अनुकूल परिस्थिती दिली, तर ते आपली मूळ घडी स्वतःच घालते. म्हणजे घडीची विद्या मण्यांच्या क्रमातच लिहिलेली असते. यासाठी त्यांना १९७२ चे नोबेल मिळाले. त्याआधी १९६३ मध्ये मद्रास विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या साखळीला कोणती वळणे घेता येतात आणि कोणती नाही, याचा नकाशा काढला होता. तो आजही जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो. पुढे आमच्याच राज्यात, बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात, डॉ. जयंत उदगावकर यांनी घडी कशी पडते आणि कशी मोडते, या एका प्रश्नावर अनेक वर्षे काम केले.

घडी मोडली म्हणजे काय होते? बहुतेक वेळा काहीच नाही. पेशीत अशा प्रथिनांना सावरणारी अथवा मोडीत काढणारी यंत्रणा असते. पण कधी कधी बिघडलेली प्रथिने एकमेकांस चिकटतात. त्यांच्या चपट्या पट्ट्या भाकऱ्यांच्या चवडीसारख्या एकावर एक बसत जातात आणि त्यांचा चिवट धागा तयार होतो. यालाच अमायलॉइड म्हणतात. एकदा चवड लागली की ती नव्या प्रथिनालाही आपल्यासारखे चपटे करून घेते. एक नासका आंबा सगळी अढी नासवतो, ही म्हण येथे शब्दशः खरी ठरते. स्टॅन्ली प्रूसिनर यांनी १९८२ मध्ये असे मत मांडले की निव्वळ बिघडलेल्या घडीचे प्रथिनसुद्धा संसर्गजन्य असू शकते. तेव्हा त्यांची पुष्कळ टर उडविली गेली. १९९७ मध्ये त्यांनाही नोबेल मिळाले.

कंपवातात ज्या प्रथिनाच्या गुठळ्या होतात त्याचे नाव अल्फा-सायन्युक्लिइन. अवघ्या १४० मण्यांची साखळी. १९१२ मध्ये फ्रिट्झ लेवी यांनी कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूपेशींत गोलसर गोळे पाहिले. त्यांत हेच प्रथिन भरलेले असते, हे कळावयास १९९७ साल उजाडले. हे प्रथिन विरळ द्रवातून थेंबांत, आणि थेंबांतून घट्ट गुठळीत कसे उतरते, यावर मुंबईच्या आयआयटीत समीर माजी यांच्या प्रयोगशाळेने २०२० मध्ये महत्त्वाचे काम प्रसिद्ध केले.

आता आमच्या प्रश्नाकडे. या गुठळीशी विषाणूचा काय संबंध? २०२२ मध्ये दोन प्रयोग गाजले. स्वीडनमधील लिंकपिंग येथे दिसून आले की कोरोना विषाणूच्या काटेरी प्रथिनाचे काही तुकडे परीक्षानळीत अमायलॉइडचे धागे बनवितात. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठात अल्फा-सायन्युक्लिइनमध्ये विषाणूची प्रथिने मिसळून पाहिली. काटेरी प्रथिनाने काहीच फरक पडला नाही. पण विषाणूच्या जनुकद्रव्याला गुंडाळून ठेवणारे दुसरे प्रथिन घातले, तेव्हा एरवी कित्येक दिवस घेणारी गुठळी एका दिवसाच्या आत होऊ लागली. हे वाचले त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. पुतण्याचा संशय खरा ठरतो, असेच वाटले. रकान्यात लिहिण्याजोगा शब्द समोर होता.

परंतु परीक्षानळी म्हणजे मेंदू नव्हे. नळीत दोन्ही प्रथिने आपण हाताने एकत्र घालतो. अण्णांच्या मेंदूत ती कधी समोरासमोर आली काय, हे कोण सांगणार? कोविडनंतर कंपवात अधिक आढळला असे काही पाहण्या सांगतात, तसा काही फरक नाही असे काही सांगतात. याच वेळी आम्ही नेग्री यांची हकीकत वाचली आणि आमची घाई थांबली.

आमच्या लहानपणी पिसाळलेले कुत्रे चावले म्हणजे पोटात चौदा सुया, ही धास्ती प्रत्येक मुलाच्या मनात असे. त्या रोगाने मेलेल्या प्राण्यांच्या मेंदूपेशींत १९०३ मध्ये इटलीतील पाव्हिया येथे आदेल्की नेग्री यांना गोल ठिपके दिसले. निरीक्षण अचूक होते. पुढे कित्येक दशके कुत्रे पिसाळलेले होते की नाही हे प्रयोगशाळा त्या ठिपक्यांवरूनच ठरवीत. पण नेग्री यांनी अनुमान काढले की हे ठिपके म्हणजेच रोगाचे परजीवी जंतू होत. ते चुकले. रोग विषाणूचा होता आणि ठिपके हे त्याच्या प्रथिनांचे पुंज होते. मग लोक त्यांना विषाणूने मागे टाकलेला गाळ समजू लागले. २०१७ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी दाखविले की तेही खरे नव्हे. ते पुंज तेलाच्या थेंबासारखे तरल असून विषाणू आपली नवी जुळणी त्यांच्या आतच करतो. गाळ समजला जाणारा ठिपका कारखाना निघाला. ठिपका दिसला १९०३ मध्ये, आणि तो करतो काय हे समजावयास एकशे चौदा वर्षे लागली. लेवींच्या गोळ्यांविषयीही असाच वाद आजतागायत चालू आहे. ते पेशीला मारतात, की घातक बारीक गुठळ्यांना एके ठिकाणी कोंडून ठेवण्याची ती पेशीची धडपड आहे? गुठळी दिसणे आणि कारण कळणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आम्ही नोकरीभर त्या एकच समजत आलो होतो.

इतिहासातही याचा पडताळा आहे. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या आगेमागे जगात मेंदूज्वराची एक विचित्र साथ आली होती. तिच्यातून वाचलेल्या अनेकांना पुढे कंपवातासारखा विकार जडला. दोन्ही साथी एकाच काळात आल्या, म्हणून पहिलीने दुसरी आणली असे अनेकांनी धरून चालले. पण जतन केलेल्या मेंदूंच्या नमुन्यांत नंतर शोध घेतला, तेव्हा इन्फ्लुएंझाच्या विषाणूचा माग लागला नाही. कारण अजून अनिश्चितच आहे.

वाचता वाचता एक वाक्य मात्र आम्हांस खिळवून गेले. कंपवातात हात थरथरू लागण्याच्या कित्येक वर्षे आधी वास येणे कमी होते, आणि अक्षर हळूहळू बारीक होत जाते. पुतण्याचा सारा भर वासावर होता. विषाणू नाकातून शिरला, अण्णांचा वास गेला आणि तेथूनच तो मेंदूत पोचला, असे तो म्हणे. आम्हांस आठवली ती जानेवारी २०१६ ची येळवस. आमच्या सीमाभागात या अमावास्येला सारे गाव शेतात जेवते. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा झाली, आंबिलाचे मडके उघडले, भज्जीला लसणाची फोडणी बसली आणि शेजारच्या शेतातले लोकही नाक उडवून ‘‘वास सुटला’’ म्हणाले. अण्णा पहिला घास घेऊन वहिनींना म्हणाले, ‘‘यंदा लसूण विसरलात काय?’’ सगळे हसले. वहिनी दिवसभर रुसून होत्या. त्याला चार वर्षे लोटल्यावर कोविड हा शब्द जन्माला आला.

मग आम्ही ट्रंक उघडली. आम्ही परगावी नोकरीस लागल्यापासून अण्णा वर्षाला दोन पोस्टकार्डे पाठवीत, पाडव्याला एक आणि दिवाळीला एक. दूरध्वनी आला, मोबाइल आला, तरी हा नेम मोडला नाही. सवयीने आम्ही ती वर्षवार लावून ठेवली होती. पोस्टकार्डाचा आकार ठरलेला. आम्ही चष्मा लावून ओळी मोजल्या. १९९० च्या सुमाराला एका बाजूस बारा ओळी. २०१० पर्यंत बाराच. २०१५ च्या दिवाळीला चौदा. २०१७ ला सोळा. २०१९ ला अठरा. २०२० चा पाडवा आला टाळेबंदीच्या पहिल्या दिवशी, २५ मार्चला. आधीच टपालात टाकलेले ते कार्ड आमच्या हाती मे महिन्यात पडले, त्यावर एकोणीस ओळी. पुतण्या गावी येण्याच्या चार महिने आधीच्या या ओळी. आजारानंतरची दोनच कार्डे, एकवीस आणि तेवीस ओळींची. मग पत्रे थांबली. इतकी वर्षे आम्ही समजत होतो की वयाबरोबर अण्णांना सांगावयाचे अधिक सुचू लागले आहे. मजकूर वाढला नव्हता. अक्षर आटत होते, आणि आम्ही वर्षातून दोनदा ते हातात धरून वाचीत होतो.

पुढच्या दिवाळीला पुतण्याला बोलावून घेतले आणि ती कार्डे सतरंजीवर ओळीने मांडली. मोजणी त्यालाच करावयास लावली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘म्हणजे माझ्यामुळं नाही?’’ या प्रश्नाला ‘नाही’ एवढे एकच अक्षरी उत्तर देण्याचा मोह अनावर होता. परंतु ज्याने विश्वासाने विचारले, त्याला अर्धे सत्य देणे बरोबर नव्हे. आम्ही सांगितले, ‘‘सुरुवात तुझ्यामुळे नाही, एवढे ही कार्डे सांगतात. कोविडने उतार वाढविला असेल काय, ते ना ही कार्डे सांगतात, ना आज कोणी शास्त्रज्ञ एका माणसापुरते सांगू शकतो. आणि वाढविला असला तरी विषाणूने वाढविला. आजारी बापाच्या घरी मुलाने येणे हा गुन्हा नव्हे.’’ २०२४ चे रसायनशास्त्राचे अर्धे नोबेल प्रथिनांची घडी संगणकाने वर्तविण्यासाठी दिले गेले, हेही त्याला सांगितले. मण्यांचा क्रम दिला की घडी कशी पडेल हे आता यंत्र वर्तविते. पण एका शिक्षकाच्या मेंदूत ती कोणत्या दिवशी आणि कोणामुळे मोडली, हे ते सांगत नाही.

त्या रात्री तो मुखपट्टीशिवाय अण्णांच्या शेजारी जेवावयास बसला. अण्णांचा हात वाटीवर वाजत होता. आम्ही त्यांना सारी हकीकत सांगितली आणि जन्मभराच्या सवयीने म्हणालो की कारण काही नक्की लिहिता येत नाही. अण्णा म्हणाले, ‘‘मग नको लिहू. गोळीच्या वेळा मात्र मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लाव. माझं अक्षर आता मलाच लागत नाही.’’

पुतण्याने पुठ्ठा आणला. सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी सहा. अक्षर त्याचे फारसे बरे नाही, पण लांबून वाचता येते.